सुट्टे पैसे हातावर ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी एसटीचा निवृत्त वाहक आहे. ३१ वर्षं खांद्याला पैशांची बॅग अडकवून लोकांशी व्यवहार केला. आधी तिकिटांचा ट्रे आणि पंच होता, नंतर मशीन आलं. सुट्ट्या पैशांवरून होणारी भांडणं मला नवी नाहीत. तिकिटाच्या पाठीमागे बाकी लिहून देणं, उतरताना ती आठवणीने परत करणं, हेच माझं आयुष्य होतं. पण गेल्या महिन्यात एका दुकानात सुट्टे पैसे परत देण्याची जी तऱ्हा पाहिली ती अजून डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून हे पत्र.

छत्रपती संभाजीनगरात माझं घर विद्यापीठाच्या वाटेवर आहे. वरच्या दोन खोल्यांत नेहमी विद्यार्थीच राहतात. पूर्वी हिंगोली, किनवटकडची मुलं असायची. दोन वर्षांपासून सुदानचा एक मुलगा राहतो, रसायनशास्त्रात पीएच.डी. करतोय. मुलगा म्हणायचं, पण तिशीला टेकलेला, जबाबदारीचा माणूस आहे. त्याचं गाव ओमदुरमान, नाईल नदीच्या काठचं. एप्रिल २०२३ मध्ये तिकडे लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात लढाई पेटली. त्याची आई आणि बहिणी घर सोडून पोर्ट सुदानला गेल्या. रात्री बाराला त्याचा फोन वाजला की खाली आमचीही झोप मोडते, आणि वरून त्याचं नेहमीच्या आवाजातलं बोलणं ऐकू आलं की आम्ही परत झोपतो.

त्या संध्याकाळी आमच्या भागातल्या एका किराणा दुकानावर तो माझ्या आधी पोचला होता. मी मागे उभा होतो, त्याचं लक्ष नव्हतं. त्याने मराठीत सांगितलं, "दादा, अर्धा लिटर दूध आणि एक ब्रेड द्या." दुकानदाराने ऐकलं. ऐकून त्याच्यानंतर आलेल्या बाईंना साखर तोलून दिली. मग एका पोराला शाम्पूच्या पुड्या माळेतून तोडून दिल्या. मग एकाने रस्त्यावरच मोटारसायकल थांबवली, खाली न उतरता काडीपेटी मागितली, त्यालाही दिली. हा उभाच. शेवटी दुकानदार त्याच्याकडे वळला आणि म्हणाला, "पैले पैसे दिखा."

त्याने शंभराची नोट दिली. ती उजेडाकडे धरून दोनदा उलटीसुलटी करून पाहिली गेली. दूध आणि ब्रेड काचेवर आले. हा हात पुढे करून उभा, तळवा उघडा. दुकानदाराने विसाची नोट आणि दहाचं नाणं त्या हाताच्या बाजूला काचेवर टाकलं. हात तिथे होता. वीतभर अंतरावर होता. नाणं काचेवरून घरंगळत खाली कांद्याच्या पोत्याजवळ पडलं. हा वाकला, नाणं शोधलं, माती झटकली, खिशात ठेवलं आणि "थँक यू दादा" म्हणून वळला. वळल्यावर त्याला मी दिसलो.

तेवढ्यात दुकानदार मला म्हणाला, "बोला काका, काय देऊ?" मी चहापत्तीचा पुडा घेतला. माझी दोनशेची नोट त्याने न बघता गल्ल्यात टाकली. उरलेले पैसे मोजून माझ्या तळहातावर ठेवले, आणि वर विचारलं, "काकूंच्या गुडघ्याचं कसं आहे?"

हा दुकानदार वाईट माणूस नाही हे आधीच सांगतो. २०२० च्या टाळेबंदीत त्याने आमची अर्धी गल्ली उधारीवर जगवली. वहीत लिहिलेलं कुणाला मागितलं नाही. म्हणूनच मला जास्त लागलं. गुंडाने शिवी दिली तर पोलिसांत जाता येतं, पण चांगला माणूस नाणं काचेवर टाकतो तेव्हा तक्रार कुठे करायची?

घरी येताना मी त्याला म्हणालो, "तू काही बोलला का नाहीस?" तो म्हणाला, "काका, हे रोजचं आहे. आज नाणं खाली पडलं म्हणून तुम्हाला दिसलं."

त्या रात्री मी त्याला खाली जेवायला बोलावलं. आमच्या घरात ज्वारीची भाकरी त्याला नवीन नाही, त्याच्या घरीही ज्वारीच. पीठ भिजवून, आंबवून, तव्यावर कागदासारखं पातळ पसरून केलेल्या त्या भाकरीला ते किसरा म्हणतात. ज्वारी मुळात त्यांच्याच भागात पहिल्यांदा पिकली आणि तिथून आपल्याकडे आली, हेही मला त्याच्याकडूनच कळलं. आपण मराठवाड्याचे लोक जिच्यावर जन्मलो ती भाकरी. तर जेवताना मी खोदून खोदून विचारलं तेव्हा एकेक गोष्ट बाहेर आली. एरवी तो सांगत नाही.

शेअर रिक्षात तो बसला आणि शेजारची बाई उतरून दुसऱ्या रिक्षात गेली, तर चालक त्याच्याकडून दोन सीटचे पैसे घेतो. कापडाच्या दुकानात शर्टाला हात लावला की "वो महंगा है" असं आधी सांगतात, किंमत नंतर. मोठ्या दुकानात गार्ड त्याच्या मागे एका रांगेतून दुसऱ्या रांगेत फिरतो. औषधाच्या दुकानात तापाच्या गोळीसाठी पासपोर्ट मागितला गेला. रस्त्यात अनोळखी पोरं गळ्यात हात टाकून फोटो काढतात, विचारत नाहीत. नाव कुणी विचारत नाही, सगळे "नायजेरियन" म्हणतात. सुदान आणि नायजेरियाच्या मध्ये चाड नावाचा अख्खा देश आहे.

न्हाव्याचं सांगितलं तेव्हा मात्र त्याने मान खाली घातली. पहिल्या वर्षी तो एका सलूनमध्ये गेला. खुर्च्या रिकाम्या होत्या. कारागीर म्हणाला, "इनके बाल अपने से नै होते, मशीन खराब हो जाती." दुसऱ्या सलूनमध्ये बसवून ठेवलं, नंतर आलेल्या चौघांची दाढी-कटिंग झाली, आणि मग दुकान बंद करायची वेळ झाली. तिसऱ्याने कटिंग केली, पण गळ्याला बांधायचं कापड त्याच्यापुरतं वेगळं काढलं, खुंटीला टांगलेलं जुनं. तेव्हापासून तो आणि त्याचा एक मित्र दर पंधरा दिवसांनी आमच्या गच्चीवर एकमेकांचे केस कापतात. मला वाटायचं पैसे वाचवतात. आमची सौ. तर त्यांचं कौतुक करायची, किती काटकसरी पोरं म्हणून.

वेगळं कापड म्हटल्यावर माझा घास अडला. कारण सांगतो.

माझे वडील अंबड तालुक्यात आमच्या गावी चहाचं हॉटेल चालवायचे. हॉटेलच्या बाहेर वळचणीला दोन कपबश्या ठेवलेल्या असायच्या, कान तुटलेल्या. त्या कुणासाठी होत्या हे मराठवाड्यातल्या माझ्या वयाच्या माणसाला सांगायला नको. आलेल्या माणसाने आपला कप आपणच काढायचा, विसळायचा, धरायचा. मी किटलीतून वरून धार सोडायचो, कपाला किटली लागू द्यायची नाही. पैसे त्याने ओट्यावर ठेवायचे. वडील त्यावर पाणी शिंपडून मग गल्ल्यात टाकायचे. मी आठ-नऊ वर्षांचा होतो, म्हणजे १९६५-६६ चा काळ. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा १९५५ साली झाला होता, पण आमच्या वळचणीपर्यंत आला नव्हता. माझे वडीलही वाईट नव्हते. दुष्काळात त्यांनी कुणालाही उपाशी जाऊ दिलं नाही. पण हाताला हात लागू द्यायचा नाही, हे त्या हाताला पक्कं माहीत होतं. त्या संध्याकाळी काचेवर पैसे टाकणारा हात मला ओळखीचा वाटला तो यामुळे.

आणि "पैले पैसे दिखा" हे शब्दही माझ्या ओळखीचे, कारण ते मी स्वतः वापरलेले आहेत. बीडकडच्या एका फेरीला, भर दुपारी, एका फाट्यावर पारध्याची एक बाई दोन लेकरं आणि बोचकं घेऊन उभी होती. मी दारात उभा राहून म्हणालो, "आधी पैसे दाखव, मग चढ." तिने रस्त्यावर बोचकं ठेवलं, पदराची गाठ सोडली, पैसे दाखवले. मग मी तिला चढू दिलं. त्या गाडीत पन्नासेक प्रवासी होते. त्यांच्यापैकी एकालाही मी तसं विचारलं नव्हतं. एसटीच्या बोधवाक्यात "बहुजन हिताय, बहुजन सुखाय" लिहिलेलं आहे आणि तेच छापलेलं वेबिल, म्हणजे तिकिटांचा हिशेब लिहायचा कागद, माझ्या हातात होतं. तेव्हा मला वाटलं मी नियमाने वागलो. आता मला त्या बाईची माफी मागायची आहे, आणि ती कुठे असेल मला माहीत नाही.

सांगायचं असं की परदेशी माणसाशी आपण जसे वागतो ते आपल्याला परदेशातून आलेलं नाही. रंग वेगळा आणि जात वेगळी हे मला कळतं. पण तो हात इथेच शिकला आहे, आपल्याच वळचणीखाली.

१९३४ साली बाबासाहेब आंबेडकर सहकाऱ्यांसोबत वेरूळ आणि दौलताबाद बघायला आले होते. प्रवासाची धूळ म्हणून किल्ल्याच्या दाराजवळच्या टाक्यात सगळ्यांनी हातपाय धुतले, तर पाणी बाटवलं म्हणून गलका झाला. किल्ला बघू दिला, पण सोबत हत्यारबंद शिपाई दिला, आत कुठे पाण्याला हात लावू नये म्हणून. पुढे १९५० मध्ये त्यांनीच याच शहरात मिलिंद महाविद्यालय सुरू केलं. ज्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे त्या विद्यापीठाचं ओळखपत्र गळ्यात घालून हा मुलगा दुधाच्या रांगेत उभा होता.

आणि हे शहर तरी कुणी वसवलं? मलिक अंबरने, १६१० मध्ये, खडकी या गावाच्या जागी. तो आजच्या इथिओपियातला, म्हणजे या मुलाच्या शेजारच्या देशातला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी. निजामशाहीचा वजीर झाला, शहाजीराजे भोसले त्याच्या बाजूने भातवडीला लढले. डोंगरातून नहर खोदून त्याने शहराला पाणी आणलं. भडकल दरवाजा त्याचाच आणि खुलताबादला त्याची कबर आहे. मी या मुलाला भडकल दरवाजा दाखवायला नेलं होतं. त्याच कमानीजवळ मागून कुणीतरी ओरडलं, "ए हबशी!" त्याला तो शब्द अरबीमुळे कळला. मी त्याला तेवढ्यात म्हणालो, ज्याने ही कमान बांधली त्यालाही हेच म्हणायचे. तो हसला, पण जरा वेळाने.

माझा पुतण्या वकील आहे. त्याला मी कायदा विचारला. राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं यांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला अडवता येणार नाही असं स्पष्ट लिहिलं आहे, पण ते कलम नागरिकांसाठी आहे. हा मुलगा नागरिक नाही. त्याला आधार आहे तो कलम १४ आणि २१ चा, त्यात नागरिक नव्हे तर "व्यक्ती" असा शब्द आहे. पण ती कलमं मुख्यतः सरकारला बांधतात, किराणा दुकानदाराला नाही. वंशभेदाविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा १९६५ चा करार आहे, भारताने त्याला १९६८ मध्ये मान्यता दिली. त्यात वाहतूक, हॉटेल, उपाहारगृह, बाग अशा सगळ्या सार्वजनिक सेवांची नावं घेऊन त्या सर्वांना खुल्या असाव्यात असं लिहिलं आहे. पुतण्या म्हणाला, "काका, कागद भरपूर आहे. पण दहाचं नाणं काचेवर टाकलं म्हणून कोणतं कलम लावू?" मला उत्तर सुचलं नाही. म्हणून मी न्यायालयाऐवजी आपल्याकडे आलो आहे.

कुणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलात. जानेवारी २०१४ मध्ये अरुणाचल प्रदेशचा नीडो तानिया हा विद्यार्थी दिल्लीत लाजपत नगरला एका दुकानात पत्ता विचारायला गेला. त्याच्या केसांवरून टिंगल झाली, तो चिडला, मारहाण झाली, तो मेला. त्यानंतर केंद्र सरकारला ईशान्येकडच्या लोकांच्या अडचणी बघायला बेझबरुआ समिती नेमावी लागली. मे २०१६ मध्ये दिल्लीतच काँगोच्या एका तरुणाला रिक्षा कुणी ठरवली या वादातून ठेचून मारलं. एक गोष्ट दुकानात सुरू झाली, दुसरी रिक्षापाशी. आपल्या शहरात तसं काही घडलेलं नाही, घडू नये. आपल्याकडे पार्लरमध्ये, हॉटेलांच्या भटारखान्यात काम करणारी ईशान्येकडची पोरं-पोरी आहेत. त्यांना गिऱ्हाईक कोणत्या नावाने हाक मारतं ते एकदा कान देऊन ऐका.

माझा स्वतःचा मुलगा पुण्यात नोकरीला लागला तेव्हा खोली बघायला गेला होता. बोलण्यावरून ओळखून घरमालक म्हणाला, "मराठवाड्याचे का? मग तीन महिन्यांचं डिपॉझिट द्या." ते ऐकून मी इथे दोन दिवस जेवलो नव्हतो. सुदानमध्ये या मुलाची आई आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान मोकळं असताना मी गेलो आणि दुकानदाराला सरळ विचारलं. तो गोंधळला. म्हणाला, "काका, मनात काही नाही हो. सवय." मी म्हणालो, माझ्या बाबतीत ही सवय कशी नाही? थोडा वेळ तो वजनं इकडची तिकडे करत राहिला. मग म्हणाला, "खरं सांगू का, त्या लोकांचं पेपरात येतंच की काहीबाही."

हे आपल्यासाठी आहे, संपादक महोदय. ड्रग्जमध्ये किंवा ऑनलाइन फसवणुकीत एखादा आफ्रिकी माणूस पकडला की वर्तमानपत्रांच्या मथळ्यात "नायजेरियन" हा शब्द सगळ्यात मोठ्या टायपात असतो. जालन्याचा माणूस पकडला तर "जालनेकर अटकेत" असा मथळा मी कधी वाचला नाही. तो मथळा सकाळी दुकानदार वाचतो आणि संध्याकाळी माझा भाडेकरू दूध आणायला जातो.

कागदपत्रं मागू नयेत असं मी म्हणत नाही. हा राहायला आला तेव्हा परदेशी भाडेकरूची माहिती सरकारला कळवायचा सी फॉर्म २४ तासांच्या आत भरावा लागायचा, तो मी भरला आहे. सिमकार्डाला, बँकेला पासपोर्ट लागतो, तो हा मुलगा आनंदाने देतो. जिथे नियम सर्वांना सारखा आहे तिथे त्याला कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. तापाच्या गोळीचा तसा नियम नाही. दुधाचा नाही.

माझं मागणं थोडं आहे. विद्यापीठाने परदेशी विद्यार्थ्यांना प्रवेश देताना फी घेतली, तसा त्यांचं गाऱ्हाणं ऐकणारा एक माणूसही नेमावा, आणि त्याने वर्षातून दोनदा आसपासच्या व्यापाऱ्यांना, सलूनवाल्यांना, रिक्षा संघटनांना बोलावून या मुलांच्या समोरासमोर बसवावं. पोलिसांच्या परकीय नागरिक शाखेत ही मुलं फक्त कागद दाखवायला जातात, तिथे त्यांना कुणीतरी "काही त्रास आहे का" एवढं विचारावं. रिक्षात सीटचा दर लिहिलेला असावा. आणि व्यापारी बंधूंना हात जोडून सांगतो: रांगेत जो आधी आला त्याला आधी द्या, आणि सुट्टे पैसे हातावर ठेवा. यात कुणाचा एक रुपयाही जात नाही.

हे न जमण्यासारखं नाही, हेही मी पाहिलं आहे. जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात गंगापूरकडून येणारी एक म्हातारी मिरची-कोथिंबीर घेऊन बसते. पहिल्या दिवशी तिने याला निरखून पाहिलं आणि विचारलं, "माय हाय का रं तुला?" हा म्हणाला, "हाय." तिने पैसे घेतले, त्याचा हात स्वतःच्या हातात धरून त्यात चिल्लर मोजली आणि वर मूठभर कोथिंबीर टाकली. आता तो जवळची दोन भाजीची दुकानं ओलांडून, दर रविवारी पाऊण तास चालत तिच्याकडे जातो. मागच्या रविवारी ती आली नव्हती तर हा रिकामी पिशवी घेऊन परत आला.

दूध मात्र आता मीच आणतो. सकाळी जिन्याच्या पायरीवर त्याची चिठ्ठी आणि पैसे ठेवलेले असतात. मी त्याला म्हणालो, अरे, हातात दे. तेव्हापासून तो खाली येऊन हातात देतो.

एक विनंती आहे, माझं नाव आणि पत्ता छापू नये. मला कुणाची भीती नाही, पण नावावरून घर कळेल आणि घरावरून तो. त्याचा प्रबंध अजून सादर व्हायचा आहे, मग व्हिसाची मुदत वाढवायची आहे. तोवर आपण कुणाच्या नजरेत येऊ नये असं त्याला वाटतं. हे पत्र मी त्याला वाचून दाखवलं. त्याने एकच दुरुस्ती सांगितली, दुकानदार टाळेबंदीत चांगला वागला हे आधी लिहा म्हणाला, आणि मी ते वर घेतलं.

आपला,
एक निवृत्त वाहक,
छत्रपती संभाजीनगर